गहाण पडलेले राज्य

शेत गहाण पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. दागिने गहाण पडतात. राहते घरही गहाण पडते. पण सबंध राज्य गहाण पडले, असे कधी ऐकले आहे काय? जमीन दुसऱ्याच्या ताब्यात. किल्ले दुसऱ्याच्या ताब्यात. सारा दुसराच गोळा करतो. राजाचे वडील कर्जातच वारले, आणि राजपुत्र परमुलखात दुसऱ्याच्या घरी वाढतो आहे. आज आम्ही अशाच एका राज्याची हकिकत सांगणार आहोत. ही कोणी रचलेली कहाणी नव्हे. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी ती खरोखर घडली.

ते राज्य म्हणजे डेन्मार्क. हा देश युरोप खंडाच्या उत्तरेला आहे. जमिनीची एक लांब जीभ समुद्रात शिरली आहे, तिला जटलंड म्हणतात. तिच्या पूर्वेला लहानमोठी पुष्कळ बेटे आहेत. त्यांतले मोठे ते झीलंड. आजचा डेन्मार्क आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा आहे. दूध, लोणी आणि सहकारी डेअऱ्या यांसाठी त्याचे नाव आहे. पण आपल्या गोष्टीच्या काळी दूधलोण्याची ती कीर्ती नव्हती. त्या काळी खाडीपलीकडचा स्कोने नावाचा सुपीक मुलूखही डेन्मार्कचाच होता. आज तो स्वीडन देशात आहे.

आता राज्य गहाण कसे पडले ते ऐका.

१३२० साली क्रिस्टोफर नावाचा राजा गादीवर आला. त्या देशात राजाचा मुलगा आपोआप राजा होत नसे. सरदार, धर्मगुरू व मोठे जमीनदार मिळून राजा निवडत. निवडताना ते त्याच्याकडून अटी लिहून घेत. क्रिस्टोफरने पुष्कळ अटी मान्य केल्या. नवे कर बसवणार नाही, असेही लिहून दिले. आता पाहा. वसूल वाढवायचा नाही, पण लढायांची हौस तर आहे. भाडोत्री घोडेस्वार फुकट थोडेच लढतात? मग राजाने कर्ज काढायला सुरुवात केली.

कर्ज देणारे कोण? दक्षिणेला होल्स्टाइन नावाचा जर्मन मुलूख होता. तिथले दोन मोठे सरदार पुढे झाले. एक गेरहार्ड, दुसरा योहान. हा योहान तर राजाचा भाऊच. आई एक, बाप दोन. पण कर्जाच्या कागदावर नाते चालत नाही. त्यांनी पैसा दिला, फौजा दिल्या आणि बदल्यात मुलूख गहाण घेतला. जटलंड आणि फ्यून बेट गेरहार्डकडे गेले. झीलंड आणि दक्षिणेची बेटे योहानकडे गेली.

ते गहाण कसे होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे ज्याला ताबेगहाण म्हणतात, तसे ते होते. जमिनीचा ताबा सावकाराकडे. तिचे उत्पन्नही सावकार खाणार. ते उत्पन्न म्हणजे व्याज. मुद्दलातून एक कवडी कमी होत नाही. दहा वर्षे गेली तरी मुद्दल जागच्या जागी. ते रोख मोजल्याशिवाय जमीन सुटत नाही. आणि जमिनीचे उत्पन्नच हाती नाही, तर रोख आणायची कोठून? हा फास आमच्या चांगला ओळखीचा आहे. आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नासाठी विहिरीजवळचा तुकडा असाच लिहून दिला होता. आम्ही लहानपणी त्या बांधावरून शाळेत जायचो. विहीर आमच्या पणजोबांनी खोदलेली, पण तिच्या मोटेचे पाणी दुसऱ्याच्या उसाला जायचे. वडील त्या बाजूला मान वळवून बघत नसत.

असो. राजाची गोष्ट पुढे सांगतो.

१३२६ साली सरदारांनी क्रिस्टोफरला हाकलून दिले. त्यांनी एका बारा वर्षांच्या पोराला गादीवर बसवले. त्याचा पालक कोण? तर त्याचा मामा गेरहार्ड! पुढे क्रिस्टोफर परत आला, पुन्हा लढला, पुन्हा हरला. १३३२ साली तो मेला. राज्याचा धनी म्हणवणाऱ्या त्या माणसाच्या हाती मरताना राज्य असे काही उरले नव्हते.

त्याच वर्षी स्कोनेच्या लोकांनी जर्मन अंमलाविरुद्ध बंड केले आणि स्वीडनच्या मॅग्नस राजाला बोलावले. मॅग्नसने योहानला ३४,००० मार्क चांदी देण्याचे कबूल करून तो मुलूख आपल्याकडे घेतला. एका मार्कात अठरा-वीस तोळे चांदी असे. म्हणजे सात हजार किलोंच्या आसपास चांदी झाली! तेव्हा डेन्मार्कची वाटणी अशी झाली : पश्चिम एका सावकाराकडे, मधली बेटे दुसऱ्याकडे, पूर्व तिसऱ्या राजाकडे. डेन्मार्कच्या गादीवर कोण? कोणीच नाही. पुढची आठ वर्षे त्या देशाला राजा नव्हता.

क्रिस्टोफरला तीन मुलगे होते. थोरला लढाईच्या दगदगीत गेला. मधला, ओटो, १३३४ साली राज्य परत घ्यायला गेला आणि गेरहार्डच्या कैदेत पडला. धाकटा वाल्डेमार. बाप वारला तेव्हा तो बारा वर्षांचा असेल. तो जर्मनीच्या बादशहाच्या दरबारात वाढत होता. त्याची बहीण त्या बादशहाची सून होती. परक्याच्या पंगतीत बसून हा मुलगा वाढला. पण डोळे उघडे ठेवून वाढला. फौज किती लागते, पैसा किती लागतो, आणि शब्द केव्हा द्यायचा व केव्हा गिळायचा, हे सारे तो तिथे शिकला असावा. पुढची त्याची चाल तसेच सांगते.

१३४० साली एप्रिलची पहिली तारीख. गेरहार्ड मोठी फौज घेऊन जटलंडात उतरला होता. रांडर्स गावी त्याचा मुक्काम होता. रात्री नील्स एब्बेसन नावाचा एक डॅनिश जमीनदार थोडी माणसे घेऊन गावात शिरला. त्याने गेरहार्डला बिछान्यातच ठार केले आणि अंधारात निसटला. नील्स पुढे त्याच वर्षी लढाईत पडला. डेन्मार्कमध्ये लोक आजही त्याचे नाव घेतात.

मोठा सावकार मेला. त्याच्या मुलांना प्रश्न पडला. मुलूख हातात ठेवावा, तर रयत खवळलेली. सोडावा, तर पैसा बुडतो. शेवटी तडजोड ठरली. वाल्डेमारला राजा करायचे, आणि त्याने रोख मोजून एकेक मुलूख सोडवून घ्यायचा. त्याच वर्षी जून महिन्यात व्हिबोर्ग गावच्या सभेत वाल्डेमारला राजा म्हणून पुकारले. वय वर्षे वीस. त्याच सुमारास त्याचे लग्न झाले. बायको हेल्विग. ही कोण? त्या बारा वर्षांच्या पोर-राजाची बहीण, म्हणजे मेलेल्या गेरहार्डची भाची. वैऱ्याच्या घरची मुलगी केली, आणि हुंड्यात काय घेतले? दागदागिने नव्हे. जटलंडच्या उत्तर टोकाचा गहाण मुलूख तिच्या भावाकडे होता, तो मागून घेतला. हुंड्याची चाल वाईटच, तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण या नवरदेवाला स्वतःच्याच राज्याचा तुकडा हुंडा म्हणून घ्यावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेवढ्या तुकड्यावर त्याने संसार मांडला. तिथला वसूल साठवायचा. त्यातून शेजारचा एक किल्ला सोडवायचा. त्या किल्ल्याचा वसूल आला की पुढचा किल्ला. कुठे पैसा मोजला, कुठे वेढा घातला. कुठे सावकाराच्या कागदातली चूक काढून भांडला. काही ठिकाणी त्याने सरळ फसवणूक केली, हेही सांगितले पाहिजे. आणि पैसा शेवटी कोणाचा? रयतेचा. गाव सोडवण्यासाठी त्या गावानेच जादा कर भरायचा! शेतकरी म्हणत असतील, सावकार गेला आणि राजा आला, आमच्या पाठीवरचे ओझे तेवढेच. आम्हांला वाटते, त्यांचे खोटे नव्हते.

दूरच्या जमिनीबद्दल त्याने वेगळा हिशेब केला. १३४३ साली स्कोनेवरचा हक्क त्याने मॅग्नस राजाला लिहून दिला. समुद्रापलीकडे पूर्वेला एस्टोनिया म्हणून मुलूख आहे. त्याचा उत्तर भाग वाल्डेमारच्या पूर्वजांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जिंकला होता. पण तो लांब. तिथे बंडे होत. सांभाळायचा खर्च मोठा. १३४६ साली वाल्डेमारने तो मुलूख जर्मन धर्मयोद्ध्यांच्या एका संघाला १९,००० मार्क चांदीला विकून टाकला. वाडवडिलांची कमाई विकली म्हणून नावे ठेवणारे असतीलच. पण त्या चांदीने घरजवळची जमीन सुटली. आमच्या वडिलांनीही शेवटी हेच केले. ओढ्यापलीकडचा माळ विकला आणि विहिरीजवळचा तुकडा सोडवला. आजी त्या दिवशी जेवली नाही. माळावर तिच्या सासऱ्यांनी आंबा लावला होता.

ते दशक संपता संपता झीलंड बेट राजाच्या हाती आले. आणि मग आली महामारी. १३४९ आणि १३५० या वर्षांत प्लेगची साथ त्या देशात पसरली. गावेच्या गावे ओस पडली. शेते कसायला माणूस उरला नाही. जे जगले त्यांच्यावरचा कर मात्र हलका झाला नाही. जटलंडच्या सरदारांनी पुढच्या दहा वर्षांत दोन-तीन वेळा बंड केले. राजा बंडे मोडत गेला. अखेर १३६० साली कालुंडबोर्ग गावी मोठी सभा भरली. राजाने व सरदारांनी एकमेकांना लेखी वचन दिले. राजाने कायदा पाळावा, सरदारांनी राजाला मानावे, असा तो करार होता. गहाण पडलेले राज्य वीस वर्षांत बहुतेक सगळे सुटले होते.

या राजाला लोक ‘आत्तरदाग’ म्हणत. ‘पुन्हा दिवस उजाडला’ असा त्याचा अर्थ सांगतात. दुसरे कोणी म्हणतात, तसे नाही, ‘काय हे दिवस आले!’ असा त्याचा अर्थ आहे. कर भरणाऱ्याने कोणता अर्थ घेतला असेल, ते तुम्हीच ठरवा.

इथे थांबला असता तर गोष्ट गोड झाली असती. पण सोडवता सोडवता घेण्याची चटक लागते. १३६० सालीच वाल्डेमारने स्कोनेवर चाल केली आणि तो मुलूख परत घेतला. मॅग्नसला लिहून दिलेल्या कागदाचे काय? कागद कागदाच्या जागी राहिला. पुढच्या वर्षी त्याने आपले आरमार गॉटलंड बेटाकडे वळवले. हे बेट स्वीडनच्या राजाला मानत असे. तिथे विस्बी नावाचे श्रीमंत व्यापारी शहर होते. शहराभोवती भक्कम दगडी तट होता. तटाबाहेर शेतकऱ्यांची खेडी होती.

शेतकरी राजाच्या फौजेला अडवायला उभे राहिले. १३६१ सालच्या जुलै महिन्याची २७ तारीख. विस्बीच्या तटाखाली लढाई झाली. समोर पगारी, कसलेले सैनिक होते. इकडे नांगर सोडून आलेली माणसे होती. शहराचे दरवाजे बंद होते. सुमारे १,८०० शेतकरी तिथे पडले. उन्हाळ्याचे दिवस, प्रेते सडू लागली. तेव्हा अंगावरच्या चिलखतांसकट त्यांना मोठ्या खड्ड्यांत पुरले. विसाव्या शतकात, १९०५ साली आणि त्यानंतर, ते खड्डे उकरून पाहिले. हाडे मोजली. त्यांत म्हातारे होते. मिसरूड न फुटलेली पोरे होती. जुन्या दुखण्याने लंगडणारी माणसेही होती. म्हणजे घरातला जो काठी धरू शकत होता, तो आला होता.

आणि शहराने काय केले? दोन दिवसांनी दरवाजे उघडून राजाला आत घेतले. लोक अशी एक कथा सांगतात, की राजाने चौकात तीन मोठी पिंपे ठेवली आणि ती सोन्याचांदीने भरा म्हणून हुकूम केला. कथा खरी असो वा नसो, व्यापाऱ्यांनी खंडणी भरली आणि आपले हक्क राखले. शेतकऱ्यांच्या खड्ड्यांवर एक दगडी क्रूस उभा केला, तो आजही तिथे आहे. या राजाच्या चिकाटीचे आम्हांला कौतुक आहे. आमच्या शाळेत ही गोष्ट सांगताना राज्य सोडवण्याचा भाग आम्ही रंगवून सांगत असू. पण या ठिकाणी आलो की आवाज खाली येई. ज्याला जमीन जाण्याचे दुःख ठाऊक, त्यानेच दुसऱ्यांच्या जमिनीवर हे केले.

विस्बीच्या व्यापाऱ्यांची नाळ जर्मन व्यापाऱ्यांशी जुळलेली होती. उत्तर जर्मनीतील ल्यूबेक आणि इतर शहरांच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक मोठा संघ केला होता. त्याला हान्सा म्हणत. त्यांचा जीव अडकला होता तो एका माशात. हसू नका. स्कोनेच्या किनाऱ्याला दर वर्षी हेरिंग नावाच्या माशांचे थवे येत. पावसाळी हवा सरता सरता तिथे मोठी जत्रा भरे. जर्मन व्यापारी मीठ आणत. मासे मीठ लावून पिंपांत भरत आणि देशोदेशी पाठवत. युरोपातील ख्रिस्ती लोक उपवासाच्या दिवशी मांस खात नसत, पण मासा चालत असे. आपल्या वारकरी मंडळींना हे नवल वाटेल! वर्षातले कितीतरी दिवस उपवासाचे. तेव्हा खारवलेल्या माशाला केवढी मागणी असेल, ते पाहा. आणि त्या जत्रेची नाडी आता वाल्डेमारच्या हातात आली. त्याने जकात वाढवली.

१३६२ साली हान्साचे आरमार चालून आले. हेल्सिंगबोर्गजवळ वाल्डेमारने त्यांना झोडपले. ल्यूबेकचा नगराध्यक्ष योहान विटेनबोर्ग हा आरमाराचा सेनापती होता. हरून घरी गेल्यावर त्याच्याच शहराने त्याचे डोके उडवले. व्यापाऱ्यांचा हिशेब असा कडक!

पण १३६३ साल राजाच्या घरात सुखदुःख एकत्र घेऊन आले. त्या वर्षी राजाची धाकटी मुलगी मार्ग्रेटे, वय दहा, हिचे लग्न नॉर्वेच्या हाकोन राजाशी लागले. हाकोन हा मॅग्नसचा मुलगा. त्याचे लग्न खरे म्हणजे होल्स्टाइनच्या एलिझाबेथशी ठरले होते. तिचे जहाज वादळात भरकटून डॅनिश किनाऱ्याला लागले. तिला तिथेच अडकवून ठेवले, आणि बोहल्यावर मार्ग्रेटे उभी राहिली. लग्न एप्रिलमध्ये झाले. जूनमध्ये राजाचा मुलगा क्रिस्टोफर वारला. तो बावीस वर्षांचा होता. राजाराणीला एकूण सहा मुले झाली. आता दोन मुलीच उरल्या, इंगेबोर्ग आणि मार्ग्रेटे. गादीला मुलगा उरला नाही.

१३६७ साली हान्साची शहरे जर्मनीतील कोलोन येथे जमली. त्यांनी वाल्डेमारविरुद्ध एकजूट केली. स्वीडनचा राजा, होल्स्टाइनचे सरदार आणि जटलंडचे रुसलेले सरदार, सगळे त्यांना मिळाले. वाल्डेमारने जिथे जिथे कागद गिळले होते, ते सारे जण एका बाजूला उभे राहिले. वाल्डेमारने व्होर्डिंगबोर्गच्या बुरुजावर सोनेरी हंसी बसवली होती, ती याच हान्साला चिडवण्यासाठी, असे लोक सांगतात. तो बुरूज अजून उभा आहे आणि त्याच्यावर हंसीही आहे. पण हंसीने लढाई जिंकत नाही. १३६८ साली राजा देश सोडून जर्मनीत मदत मागायला गेला. मागे राज्य सांभाळले ते त्याचा कारभारी हेनिंग पोडेबुस्क याने.

१३७० सालच्या मे महिन्यात श्ट्रालझुंड गावी तह झाला. त्यातली मुख्य अट अशी. स्कोनेच्या किनाऱ्यावरचे चार किल्ले हान्साने पंधरा वर्षे आपल्याकडे ठेवायचे. तिथल्या उत्पन्नाचे तीन भाग करायचे. दोन भाग व्यापाऱ्यांनी घ्यायचे, एक राजाला द्यायचा. म्हणजे पाहा मंडळी, जन्मभर गहाण सोडवलेल्या माणसाच्या हातून म्हातारपणी पुन्हा एक गहाणखत झाले. मात्र या वेळी कागदावर मुदत लिहिलेली होती. बापाच्या कागदांत आणि मुलाच्या कागदात हा फरक होता.

राजा परत आला. पुढची तीन-चार वर्षे तो दक्षिणेची सरहद्द आवरत राहिला. राणी हेल्विग आधी गेली, एस्रुमच्या मठात तिला पुरले. १३७५ सालच्या ऑक्टोबरच्या २४ तारखेला वाल्डेमार गुर्रे नावाच्या वाड्यात वारला. त्याची समाधी सोरो गावच्या चर्चमध्ये आहे.

आता गादीचा प्रश्न उभा राहिला. थोरली मुलगी इंगेबोर्ग आधीच वारली होती. तिचा मुलगा आल्ब्रेख्ट याच्या बाजूने जर्मन नातेवाईक जोर लावत होते. मरण्यापूर्वी वाल्डेमारने त्याच्यासाठी शब्दही दिला होता. पण मार्ग्रेटे बापाचीच मुलगी. तिने सरदारांना गाठले, हान्साला चुचकारले. १३७६ साली तिचा पाच वर्षांचा मुलगा ओलाफ राजा निवडला गेला. त्याच्या नावाने कारभार तीच पाहू लागली. तेव्हा तिचे वय तेवीस होते.

स्कोनेच्या किल्ल्यांसाठी तिने लढाई केली नाही. पंधरा वर्षे वाट पाहिली. १३८५ साल आले, मुदत भरली, आणि व्यापाऱ्यांनी चारही किल्ले तिच्या माणसांच्या ताब्यात दिले.